दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’

शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना कुणी वाचत नाही, तो फक्त भरायचा असतो. मी बडोद्यातल्या एका ट्रस्टच्या शाळेत क्लार्क म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्या काळात किती एल.सी., म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले, माझ्या हातून गेले देव जाणे, पण त्या रकान्यात ‘चांगली’ सोडून दुसरा शब्द लिहिल्याचं आठवत नाही. मारामारी करून गेलेला चांगला, कॉपी करून गेलेला चांगला, आणि दप्तरात नको ते सापडलं म्हणून गेलेला तर फारच चांगला, कारण त्याच्या वडिलांनी स्वतःच्या अक्षरात अर्ज दिलेला असायचा : ‘घर बदलल्यामुळे दाखला मिळावा.’

हे सगळं वर आलं ते दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारणीच्या सुनेमुळे. ती एका शाळेत सुपरवायझर आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी कागद घेऊन आली. ‘काकू, जरा नजर टाका ना. डायरीत छापायचंय, पालकांची सही घ्यायचीय.’ मसुदा गुजरातीत होता, इथे मराठीत देते : ‘शाळेच्या आवारात कोणताही विद्यार्थी नशीले पदार्थ बाळगताना किंवा सेवन करताना आढळल्यास त्यास तत्काळ शाळेतून काढून टाकण्यात येईल. आवश्यक वाटल्यास वैद्यकीय तपासणी करण्यात येईल. शाळेचा निर्णय अंतिम राहील.’ पहिलीपासून बारावीपर्यंत सगळ्यांना हेच.

मी म्हटलं, ‘अगं, आठवीपर्यंत तुला कुणाला काढताच येत नाही.’ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं सोळावं कलम आहे. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढायचं नाही. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, पण काढायची नाही ती नाहीच. तिला पटेना. ‘मग काय काकू, सातवीतल्या पोरानं तंबाखूचा मावा खाल्ला तर त्याला बक्षीस द्यायचं?’ बक्षीस देऊ नकोस गं, पण ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लावला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड ठोठावला, तिथल्या शाळेनं सातवीतल्या पोराला गेट दाखवायचं, हे जरा अतिच नाही का?

खरी मेख वेगळीच आहे. असा कडक नियम डायरीत असला की तो कुणी वापरत नाही. कागदावर ‘काढून टाकण्यात येईल’ असतं, पण प्रत्यक्षात काढण्याचा ठराव होत नाही, समितीपुढे काही येत नाही, पालकांना लेखी काही दिलं जात नाही. आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, वडिलांना बोलावतात, दार लावून घेतात. दहा मिनिटांनी वडील माझ्या टेबलाशी येऊन कोरा कागद मागतात. अर्ज, दाखला, ‘चांगली’. मूल मांजलपूरच्या नाहीतर कारेलीबागच्या शाळेत जातं, त्या शाळेला काही ठाऊक नसतं, आणि आमच्या फायलीत घर बदलल्याची नोंद असते. एखाद्या वर्षी असे किती गेले हे इन्स्पेक्टरनं विचारलं असतं, तर मी खरंखुरं उत्तर देऊ शकले असते : एकही नाही.

आणि हे झालं पकडलेल्यांचं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. दहावीच्या एका वर्गशिक्षिकेनं माझ्या टेबलावर एक वस्तू ठेवली. ‘बेन, हे काय असेल?’ फिकट हिरवी, हायलायटरसारखी, एका टोकाला चपटं तोंड. टोपण कुठे दिसेना. नाकाशी नेली तर आंब्याचा वास, पाच रुपयांच्या गोळीला येतो तसा. शेजारी बसणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं सांगितलं, व्हेप आहे, म्हणजे ई-सिगारेट. फेब्रुवारी महिना, बोर्डाची परीक्षा तोंडावर. नियमाप्रमाणे गेलं तर पोरगा परीक्षेआधी बाहेर. बाईंनी ती वस्तू पर्समध्ये टाकली, पोराला बाजूला घेऊन दम दिला, आणि विषय तिथेच मिटला. घरी कळवलं नाही, समुपदेशकाला कळवलं नाही, आचार्यांना तर नाहीच. त्या बाईंना मी दोष देत नाही. शिक्षा एकच आणि ती फाशीची असली की चांगली माणसं साक्ष द्यायला येत नाहीत.

सुनेच्या कागदावरचं दुसरं दुखणं म्हणजे ‘नशीले पदार्थ’ या दोन शब्दांच्या पोतडीत सगळं कोंबलेलं. मावा, सिगारेट, व्हेप, बिअर, गांजा, खोकल्याचं औषध, सगळं एकाच मापात. कायदासुद्धा असं करत नाही. तंबाखूला २००३ चा कायदा आहे, ई-सिगारेट विकण्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे, दारूला आपल्या गुजरातचा दारूबंदीचा कायदा, गांजा-चरसला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, एन.डी.पी.एस. त्यातही भांगेची पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे शिवरात्रीला कुणी प्रसाद म्हणून ठंडाई पाजली तर शाळा काय करणार? मी विचारल्यावर ती हसली, पण उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि मसुद्यातही नव्हतं.

जे शाळेत खरंच चालतं ते तर त्या कागदात नावालाही नाही. पट्टेवाल्याला विचारायचं, त्याला सगळं ठाऊक असतं. आमचा पट्टेवाला मधल्या सुट्टीनंतर मुतारीच्या मागचा केर काढायचा आणि रबरबँड दाखवायचा. मावा कसा मिळतो ते पाहिलंय ना? कातरलेली सुपारी, तंबाखू, वर चुना, प्लॅस्टिकच्या चौकोनी तुकड्यात गुंडाळून रबरबँड. मग तो तळहातावर धरून खसाखसा चोळायचा, चुना सारखा लागेपर्यंत. रबरबँड जास्त सापडले की तो म्हणायचा, ‘बेन, नववी बिघडली.’ गुजरातेत २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेतली की झालं काम. आणि हो, स्टाफरूमच्या खिडकीखालीही रबरबँड सापडायचे. ते नववीचे नव्हते. त्यामुळे मी सुनेला म्हटलं, पहिलं वाक्य शिक्षकांवर घाल, मग मुलांवर.

दुसरी गोष्ट व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन. एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं देशभर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. त्यात हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त : दहा ते सतरा वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. बाकी सगळ्या नशांत मोठे पुढे. ही गोष्ट कुठल्याही शाळेच्या डायरीत मला आढळलेली नाही, कारण ती दप्तरात सापडली तर स्टेशनरीच वाटते. माझ्या ऑफिसात व्हाइटनर ठेवायचंच नाही असा दंडक होता. कारण वेगळं होतं, जनरल रजिस्टरात ते चालतच नाही. चूक झाली की आडवी रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि आचार्यांची सही घ्यायची. पण त्या निमित्ताने एक बाटली कमी.

दारूचं तर बडोद्यात सगळं औरच. राज्य १९६० मध्ये झालं तेव्हापासून दारूबंदी, म्हणून शाळांच्या नियमात दारूचा वेगळा उल्लेख करायला लाजतात. जणू उल्लेख केला तर ती आहे असं कबूल केल्यासारखं. घराघरांत काय असतं ते मी लिहायची गरज नाही. पण सहलींचं बोलूया. शाळेची सहल दीवला जाते, माउंट अबूला जाते, आणि तिथे दारू उघड दुकानात मिळते. मसुद्यात म्हटलंय ‘शाळेच्या आवारात’. मग दीवच्या हॉटेलातली खोली आवार आहे का? आणि बाटली बारावीच्या मुलानं आणली आणि घोट दहावीच्यानं घेतला तर दोघांना एकच न्याय? सुनेनं हे मात्र लगेच वहीत टिपून घेतलं. दिवाळीनंतर तिची सहल दीवलाच आहे.

वैद्यकीय तपासणीचं वाक्य तिनं कुठून आणलं ते मला कळलं. तिचा भाऊ अमेरिकेत आहे. तिथे खेळाडू मुलांची लघवी तपासायला शाळांना परवानगी आहे. ऑरेगॉनमधल्या एका सातवीच्या मुलाच्या आईबापांनी त्याला विरोध केला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९५ मध्ये शाळा जिंकली. २००२ मध्ये खेळाबरोबर इतर उपक्रमांतल्या मुलांचीही तपासणी तिथल्या कोर्टानं मान्य केली. तिथलं तिथे. आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमची कडी महिनोन्‌महिने तुटलेली असते, आणि आपण लघवीच्या बाटल्या भरून घेणार? कोण घेणार, कोण नेणार, रिपोर्ट कुठल्या कपाटात राहणार आणि किल्ली कुणाकडे? मी तीस वर्षं तसलं कपाट सांभाळलंय. त्याची किल्ली सगळ्यांकडे असते. ते वाक्य खोडायला लावलं. दप्तर तपासणीचं ठेवलं, पण वर्गासमोर नाही, दोन शिक्षकांच्या देखत, आणि काय मिळालं त्याची तिथल्या तिथे नोंद, मुलाच्या सहीसकट.

मग मी तिला सांगितलं की सगळ्यात वर काय हवं. जो मुलगा किंवा मुलगी स्वतःहून येऊन सांगेल, किंवा मित्राबद्दल सांगेल, त्याला शिक्षा नाही. ती म्हणाली, ट्रस्टी मान्य करणार नाहीत, सवलत दिल्यासारखं होतं. मी म्हटलं, एन.डी.पी.एस.सारखा कायदा, ज्यात वीस-वीस वर्षांच्या शिक्षा आहेत, त्यातही ६४-अ कलम आहे. स्वतःसाठी थोडंसं बाळगलेला व्यसनी माणूस आपणहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. आपली डायरी त्या कायद्यापेक्षा कडक कशाला हवी? तिनं ते कलम मोबाइलवर उघडून दोनदा वाचलं. मग खाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर आणि मुलांच्या मदतीचा १०९८ दोन्ही छापायचं ठरलं.

शेवटचं कलम मी माझ्या हातानं लिहून दिलं, कारण त्याबद्दल मला मनापासून राग आहे. पोरांवर कागदभर नियम आणि विकणाऱ्यावर एक ओळ नाही, हे कसं? शाळेपासून शंभर वारांत, म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटरांत, तंबाखू विकता येत नाही. अठराच्या आतल्याला कुठेच विकता येत नाही. आणि मुलाला दारू, ड्रग किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याचं सत्त्याहत्तरावं कलम लागतं : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. म्हणून लिहिलं : ‘विद्यार्थ्याकडे असा पदार्थ आढळल्यास तो कुठून आला याची चौकशी करून शाळा आठ दिवसांत पोलिसांकडे लेखी तक्रार करील व शंभर वारांची हद्द दाखवणारी आवाराबाहेरची पिवळी रेघ दरवर्षी जूनमध्ये पुन्हा रंगवील.’

परवा सून येऊन सांगून गेली. सहलीचं कलम पास. दप्तराचं पास. तपासणीचं गेलं. स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हे ‘पहिल्या वेळी’ अशी पाचर मारून पास, तेही बऱ्याच वादानंतर. आठवीपर्यंत काढायचं नाही हे वकील ट्रस्टींनीच मान्य केलं. दाखल्याबद्दल कुणी बोलायला तयार नाही. गल्ल्याचं, म्हणजे शाळेबाहेरच्या पानटपरीवाल्याचं, कलम पुढच्या मीटिंगवर ढकललंय. मी विचारलं, का गं? म्हणाली, ‘काकू, गल्ला आपल्याच कंपाउंडच्या भिंतीला आहे. भाडं ट्रस्टला येतं.’

मी तिला भाडेपावतीची झेरॉक्स घेऊन ठेवायला सांगितलंय.