एक फोनो प्रीअँप, तीन घरं

मित्राने त्याचा ट्यूबवाला (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डवरून येणारा बारीक सिग्नल मोठा करून पुढे देणारा डबा, महिनाभरासाठी माझ्याकडे दिला, "ऐक निवांत, मग सांग कसा वाटतो" म्हणून. दोन डब्यांचा आहे, एकात पॉवर सप्लाय आणि दुसऱ्यात बाकी सगळं, उचलताना दोन्ही हात लागतात. असली वस्तू आपल्या घरी रोज येत नाही, त्यामुळे मी ठरवलं की हा फक्त माझ्या सिस्टमवर ऐकून परत द्यायचा नाही, अजून दोन घरी नेऊन ऐकायचा. आणि बरं झालं नेला, कारण तीन घरांत मिळून सुरुवातीला मी जी मतं बनवली त्यातली जवळपास सगळी नंतर बदलावी लागली.

आधी माझ्या घरचं सांगतो. माझ्याकडे ऑडिओ टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आहे, साधं एमएम, म्हणजे आतला चुंबक हलणारं. पहिली एलपी लावली आणि दहा मिनिटांत मला वाटलं की हा प्रीअँप तिखट आहे, गायिकेचा प्रत्येक 'स' कानाला टोचत होता, आणि त्याच्या वरचं मात्र काहीच नाही, झांजेचा आवाज मध्येच कुणीतरी कापून टाकल्यासारखा. दोन दिवस तसाच ऐकला. दुसऱ्या रात्री मित्राला फोन करून सांगितलंसुद्धा की बाबा रे, तुझा हा डबा मला काही झेपत नाहीये. तो एवढंच म्हणाला, "अरे मागचे स्विच बघितलेस का?"

नव्हते बघितले. मागे खाली बारीक स्विचेसची एक पट्टी आहे, पेनाच्या टोकाने सरकवायची, त्यावर कपॅसिटन्स (कार्ट्रिजला पुढे दिसणारी विद्युत धारिता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) निवडता येतो, आणि तो २२० पिकोफॅरडवर होता. आता गंमत अशी की एमएम कार्ट्रिजमध्ये गुंडाळी मोठी असते, माझ्या कार्ट्रिजचा इंडक्टन्स (गुंडाळीचा प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) ५५० मिलिहेन्री आहे, आणि तो इंडक्टन्स आणि पुढे जोडलेला सगळा कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार करतात. टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) आतली वायर आणि दीड मीटरची केबल धरून माझे अंदाजे २०० पिकोफॅरड आधीच झाले होते, त्यात हे २२०, म्हणजे ४२०. गणित केलं तर रेझोनन्स साडेदहा हजार हर्ट्झच्या आसपास येतो, तिथे आवाज फुगतो आणि त्याच्या वर भराभर खाली पडतो. मी ऐकत होतो ते हुबेहूब हेच होतं! कंपनी या कार्ट्रिजला एकूण १०० ते २०० सांगते. मग स्विच ५० वर नेला, केबल काढून अर्ध्या मीटरची लावली, एकूण १५० च्या आसपास आलं आणि रेझोनन्स साडेसतरा हजारांवर गेला. तीच एलपी, तोच 'स', आणि आता तो फक्त 'स' होता. मी ते एकच कडवं सुई उचलून पाच-सहा वेळा परत लावलं.

म्हणून मला मनापासून वाटतं की एमएम वापरणाऱ्याने कोणत्याही फोनो प्रीअँपबद्दल मत द्यायच्या आधी हा हिशोब मांडावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यापायी चांगल्या वस्तूला उगाच नावं ठेवली जातात.

दुसरं घर एका काकांचं, ते माझ्या किती तरी आधीपासून एलपी ऐकतायत आणि त्यांच्याकडे डेनॉनचं डीएल-१०३ आहे, १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या कामासाठी बनलेलं आणि नंतर घराघरांत गेलेलं एमसी कार्ट्रिज, म्हणजे चुंबकाऐवजी गुंडाळी हलणारं. त्याचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट! सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो, म्हणजे साडेसहा हजार पटींहून जास्त फरक, आणि हा फरक भरून काढताना प्रीअँपला आरआयएएचं, म्हणजे रेकॉर्ड कापण्याच्या ठरलेल्या प्रमाणाचं, गणितही उलटं करायचं असतं, कारण रेकॉर्ड कापताना बास दाबलेला असतो आणि ट्रेबल चढवलेला, २० हर्ट्झला आणि २० हजारांना दोन्हीकडे साधारण वीसेक डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप). १९५४ पासून हे प्रमाण चालत आलंय. इतक्या बारीक सिग्नलवर इतकं काम करणारा डबा, त्यात स्वतःची खरखर येऊ द्यायची नाही, मला याचं फार कौतुक वाटतं.

तर या प्रीअँपमध्ये एमसीच्या इनपुटला आतच १:१० चा ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे ४७ हजार ओहमचं लोड (सिग्नलला पुढे मिळणारा विद्युत विरोध) कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतं, कार्ट्रिज स्वतः ४० ओहमचं, म्हणजे तिथे सगळं जुळत होतं. तरीही तबल्याचा डग्गा गेला. खरंच गेला, बोल ऐकू येत होते पण घुमारा नाही, बोटं लाकडावर आपटतायत असं वाटत होतं. काका डोळे मिटून ऐकत होते, म्हणाले, "तुमचा प्रीअँप स्वच्छ आहे हो, पण पोट नाही त्याला." मला वाईट वाटलं, कारण माझ्या घरी हाच डग्गा खोलीभर घुमत होता.

घरी येऊन मॅन्युअल काढलं. प्रीअँपचा आउटपुट इंपीडन्स (आउटपुटचा स्वतःचा विद्युत विरोध) ३ हजार ओहम, आणि पुढचं लोड किमान ५० हजार ओहम असावं असं स्पष्ट लिहिलेलं. काकांकडे पुढे लाइन स्टेज (फोनो प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधला अँप) जोडलेला नाहीच, नुसता १० हजार ओहमचा पॅसिव्ह (वीज न लागणारा) व्हॉल्यूम आणि मग पॉवर अँप. मित्राला विचारलं तर आउटपुटला ०.२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत म्हणाला. असा कपॅसिटर आणि पुढचे कमी ओहम मिळून बास कापतात, मांडा गणित, ५५ हर्ट्झलाच ३ डीबी खाली आणि त्याच्या वरही चांगलं अंतर घसरण चालूच, शिवाय एकूण आवाज २ डीबीने कमी. माझ्याकडे पुढे १ लाख ओहमचं इनपुट आहे, तिथे हाच आकडा ७ हर्ट्झवर जातो आणि काहीही जाणवत नाही. काकांनी माळ्यावरून त्यांचा जुना लाइन स्टेज काढला, मध्ये लावला, आणि पहिल्याच धा ला माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली.

तिसऱ्या घराचं थोडक्यात. तिथे आधी हम (सततची घूं घूं) आला, कारण पॉवर सप्लायचा डबा टर्नटेबलच्या शेजारी कार्ट्रिजच्या बाजूला ठेवला होता, तो दोन हात लांब नेल्यावर गेला. मग वूफर (बासचे स्पीकर) पुढे-मागे पंप व्हायला लागले, रेकॉर्ड थोडी वाकडी होती आणि या प्रीअँपला सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारी फार खालची कंपनं गाळणारा) नाही. पोर्टवाले (पेटीला हवेचं भोक असलेले) स्पीकर असतील तर हे जपायला हवं, कारण पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली कोनला धरून ठेवणारं काही उरत नाही. फिल्टर नसणं ही मला या प्रीअँपची खरी उणीव वाटते.

हे सगळं निस्तरल्यावर मग खरी तुलना केली, प्रत्येक घरी तिथल्या रोजच्या प्रीअँपशी. टेस्ट रेकॉर्डचा १ हजार हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायचा आणि दोन्हीचा आवाज ०.१ डीबीच्या आत आणायचा, म्हणजे १ व्होल्टमागे १० मिलिव्होल्टच्या आत. हे कंटाळवाणं आहे पण याशिवाय जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, माझाही दर वेळी तसाच कौल गेलाय.

तिन्ही घरांत टिकलेली गोष्ट एकच होती, क्लिक. जुन्या रेकॉर्डवरचा ओरखडा या प्रीअँपवर 'टक्' असा येतो आणि संपतो. माझ्या रोजच्या प्रीअँपवर तोच ओरखडा 'टॅप्प' असा पसरतो आणि त्यामागचा तानपुरा क्षणभर पुसला जातो. क्लिक हा संगीतापेक्षा कितीतरी मोठा झटका असतो, इनपुटला हेडरूम (मोठा सिग्नल सामावायची जागा) कमी असली की सर्किट ओव्हरलोड होतं आणि सावरायला वेळ घेतं. इथे तानपुऱ्याची जवारी अखंड चालू राहते, ओरखडा तिच्या वरून निघून जातो. ट्यूबचा गोडवा वगैरे जे म्हणतात ते आवाज जुळवल्यावर मला फारसं सापडलं नाही, पण या एका गोष्टीसाठी मी माझा प्रीअँप बदलायला तयार आहे, कारण माझ्या निम्म्या रेकॉर्ड्स जुन्या आहेत.

रविवारी डबा परत द्यायचाय. त्याआधी शनिवारी काकांकडे पुन्हा नेतोय, त्यांनीच फोन करून बोलावलंय, म्हणाले लाइन स्टेज लावूनच ठेवलाय आणि सगळ्यात जास्त ओरखडे असलेली रेकॉर्ड धुऊन काढून ठेवलीय.