पासवर्ड लपला, मग टर्मिनलच मुकं झालं

बॅकअपची स्क्रिप्ट आता लिनक्स, मॅक आणि विंडोज, तिन्हीकडे पासवर्ड न दाखवता विचारते. मागच्या नोंदीत मी याला 'दहा मिनिटांचं काम' म्हटलं होतं. ते शब्द मागे घेतो.

सुरुवात बॅश या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 'रीड -एस'ने केली; रीड टाइप केलेलं वाचतं, -एस ते उमटू देत नाही. माझ्या लॅपटॉपवर झकास. डेबियनवर तीच स्क्रिप्ट 'एसएच'ने चालवली तर -एस चालेचना, कारण तिथे एसएच म्हणजे डॅश हे दुसरं शेल, आणि पोझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामाईक मानकाच्या) 'रीड'मध्ये -एस नाहीच. मॅकवर 2019च्या कॅटलिनापासून झेडशेल हे डिफॉल्ट शेल आहे. तिथे फंक्शन सोर्स केलं (चालू शेलमध्येच लोड केलं) तर -एस चालला, पण -पी म्हणजे बॅशसारखा प्रॉम्प्ट (विचारण्याचा मजकूर) नव्हे, कोप्रोसेसमधून (शेलला जोडून मागे चालणाऱ्या प्रोग्राममधून) वाचणं! प्रॉम्प्ट द्यायचा तर व्हेरिएबलच्या नावाला प्रश्नचिन्ह जोडून.

म्हणून टर्मिनलच्या सेटिंग बदलणाऱ्या एसटीटीवाय कमांडकडे वळलो. -जी ने आधीची सेटिंग जपायची, '-एको'ने अक्षरं उमटणं बंद करायचं, वाचायचं, जपलेली सेटिंग परत लावायची. खरी गंमत कंट्रोल-सी दाबल्यावर, म्हणजे स्क्रिप्टला थांबण्याचा सिग्नल गेल्यावर. ट्रॅप (सिग्नल आला की चालणारा कोड) लावलेला नव्हता तोवर काही बिघडत नव्हतं, कारण स्क्रिप्ट सिग्नलने मेली की इंटरॅक्टिव्ह बॅश टर्मिनल स्वतःच ठिकाणावर आणतं. मग शहाणपणा करून ट्रॅपमध्ये 'रद्द केलं' असा निरोप आणि 'एक्झिट 1' घातलं, सेटिंग परत लावायची राहिली. बॅशच्या दृष्टीने स्क्रिप्ट रीतसर संपली, आणि मी टाइप करतोय ते काहीच उमटेना. (अशा वेळी आंधळेपणाने 'एसटीटीवाय सेन' टाइप करून एंटर मारायचं.) आता सेटिंग ट्रॅपमध्येच परत लागते. आणि फक्त एक्झिटवर ट्रॅप लावून भागत नाही: सिग्नलने मरताना बॅश तो चालवतं, डॅश नाही. इंट (कंट्रोल-सीचा सिग्नल) आणि टर्म (बंद होण्याचा सिग्नल) यांचे ट्रॅप वेगळे लिहिले.

विंडोजच्या बॅच फाइलमधल्या 'सेट /पी'ला लपवणं जमतच नाही. त्यामुळे तिथून पॉवरशेलचं 'रीड-होस्ट -ॲजसिक्युअरस्ट्रिंग' बोलावतो. -मास्कइनपुट हा पर्याय सुटसुटीत आहे, पण तो पॉवरशेल 7.1 पासूनचा, विंडोजसोबत येतं ते 5.1.

पायथनचं गेटपास (पासवर्ड न दाखवता विचारणारं मॉड्यूल) वापरलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं, मान्य. पण जिथे पायथन नाही तिथेही स्क्रिप्ट चालायला हवी होती.

उरलंय एकच: पासवर्ड पुढच्या प्रोग्रामला अजून आर्ग्युमेंट म्हणून जातोय, म्हणजे 'पीएस' (चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या कुणालाही दिसू शकतो. पुढच्या खेपेला तो स्टँडर्ड इनपुटवरून पाठवणार.