दोन कंस ऐकू आले नाहीत
आज अख्खी दुपार एका छोट्या स्क्रिप्टमागे गेली. आमच्या क्लासमधल्या प्रत्येक मुलाचा एनव्हीडीएचा (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आवाज आणि वेग वेगळा. कॉम्प्युटर बदलला की सेटिंग पुन्हा लावा! म्हणून एनव्हीडीए डॉट आयएनआय ही त्याची सेटिंगची फाइल वाचून वेग काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली.

पहिल्याच ओळीला एरर. साहजिकच, त्या फाइलच्या सुरुवातीला स्कीमा व्हर्जनची (फाइलच्या रचनेच्या आवृत्तीची) ओळ कुठल्याही सेक्शनशिवाय, म्हणजे कंसातल्या शीर्षकाशिवाय असते आणि कॉन्फिगपार्सर या पायथनच्या लायब्ररीला ते चालत नाही. वर खोटा सेक्शन टाकून ते निभावलं. पण 'स्पीच' सेक्शनमधला 'ईस्पीक' (आवाज तयार करणारं इंजिन) काही सापडेना. ओळ दहादा ऐकली, नुसतं "ईस्पीक" एवढंच. शेवटी एनव्हीडीए की आणि पी दाबत विरामचिन्हांची पातळी वाढवली, तेव्हा ऐकू आलं, "लेफ्ट ब्रॅकेट लेफ्ट ब्रॅकेट ईस्पीक". दुहेरी कंस! म्हणजे सेक्शनच्या पोटातला सेक्शन. कॉन्फिगपार्सरला हा प्रकार कळत नाही, कॉन्फिगऑब्ज या दुसऱ्या लायब्ररीला कळतो. खुद्द एनव्हीडीए तेच वापरतो.

लायब्ररी बदलली आणि वेग लगेच मिळाला. इतका आनंद झाला की आईला हाक मारून तो आकडा ऐकवला. उद्या मुलांच्या प्रोफाइल्स फोल्डरवर चालवून बघणार आहे.