आमची वाटचाल : सोलापूरच्या होटगी रोडवरचं टायरचं दुकान

वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्याबरोबरचे काही जण यंत्रमागावर गेले, काहींनी चहाचे गाडे टाकले. वडिलांनी पंक्चरचं दुकान टाकलं. एक कॉम्प्रेसर, पाण्याचं अर्धं पिंप, चार टॉम्या (टायर उचकटायच्या सळया) आणि एक जॅक, एवढंच भांडवल. पुणे-हैदराबाद रस्ता शहराला लागूनच, त्यामुळं ट्रकवाल्यांची कमी नव्हती. पुढं रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर विकायला लागलो, मग नवे. शाळा सुटली की मी आणि धाकटा भाऊ दुकानात. दहावीच्या आधी आम्हाला ट्यूबमधलं भोक पाण्यात शोधता यायचं, भूमितीतला त्रिकोण मात्र जमत नव्हता.

कारचे टायर हा आमचा धंदा रेडियल (आत पोलादी तारांचे पट्टे असलेल्या) आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमुळं झाला. ट्यूबलेस आला तसं पंक्चरचं काम निम्म्यावर आलं आणि वडील म्हणाले, आता मशीन घ्या नाहीतर दुकान बंद करा. बँकेचं कर्ज काढून बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायचं) आणि नंतर अलाइनमेंटचं (चाकं सरळ रेषेत आणायचं) मशीन घेतलं. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. हप्ते भरले, एवढंच.

खरा फरक पडला तो भावाच्या वहीमुळं. आमची बरीच गिऱ्हाइकं प्रवासी गाडीवाली. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या मारणारी. डिझायर आणि अर्टिगा जास्त, मधेच एखादी इनोव्हा. त्यांचा प्रश्न ठरलेला : "मालक, जास्त पळणारा टायर कुठला, ते सांगा की." जास्त पळणारा म्हणजे जास्त किलोमीटर टिकणारा. आम्ही कंपनीचा माणूस जे सांगून गेला तेच सांगायचो. भावाला ते पटत नव्हतं. त्यानं टायरच्या खाचांची खोली मोजायचं गेज घेतलं आणि रोटेशनला, म्हणजे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करायला, येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवायला सुरुवात केली : किलोमीटरचा आकडा, टायरची आतल्या कडेला, मधोमध आणि बाहेरच्या कडेला उरलेली खोली, गाडी आली तेव्हा चाकात किती पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा होती, आणि गाडी कुठं पळते. वडिलांना हा पोरखेळ वाटला. वहीमुळं गिऱ्हाईक परत यायला लागलं तेव्हा तेच गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "वहीत नाव घातलं का?"

वहीतून पहिली गोष्ट दिसली ती आम्हा दुकानदारांना अडचणीची होती. एकाच कंपनीचा, एकाच मापाचा टायर दोन गाड्यांवर इतका वेगळा झिजायचा की ब्रँडचा फरक त्यात बुडून जायचा. दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी. मधला पट्टा झिजला म्हणजे हवा जास्त. एकच कड गेली म्हणजे अलाइनमेंट बिघडलेलं. हे कुठल्याही टायरवाल्याला माहीत असतं, पण वहीत ओळीनं दिसलं की गिऱ्हाइकालाही पटतं. तेव्हापासून आमच्याकडं टायर दाखवण्याआधी जुना टायर बघितला जातो.

इथं हवेबद्दल सविस्तर सांगतो, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर जातो आणि डांबराचं तापमान साठीच्या पुढं. मग ड्रायव्हर मंडळींचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्ला असतो की उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, टायर फुटत नाही. नेमकं उलटं आहे. दर 10 अंश तापमानवाढीला कारच्या टायरमध्ये साधारण दीड ते दोन पॉइंट हवा वाढते. ती वाढणार हे धरूनच कंपनीनं दारावरच्या स्टिकरवर थंड टायरचा आकडा दिलेला असतो. मोहोळहून येऊन नाक्यावर गरम टायर तपासला, 38 दिसले म्हणून हवा सोडली, की रात्री तोच टायर थंड झाल्यावर कमी हवेचा होतो. कमी हवेचा टायर चालताना बाजूनं जास्त वाकतो, वाकला की आतून तापतो, आणि भर दुपारी हायवेवर फुटतो तो बहुतेक असाच तापलेला टायर. सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी मोजायचं, स्टिकरप्रमाणं भरायचं, बास. नायट्रोजनबद्दल विचारलं तर आम्ही सांगतो की साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. हवा दर पंधरवड्याला बघणार असाल तर साधी पुरते.

मधे एक निवृत्त प्राध्यापक मोबाइल घेऊन आले. मुलगा जर्मनीत. त्यानं तिकडच्या एडीएसी या वाहनचालक संघटनेच्या उन्हाळी टायरच्या चाचणीचा निकाल पाठवला होता आणि वडिलांच्या गाडीला यातला पहिल्या नंबरचा टायर बसवा असा निरोप होता. आम्ही त्यांना बसवून चहा पाजला. युरोपात उन्हाळी आणि हिवाळी असे दोन संच असतात. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, थंडीतही कडक होत नाही. 7 अंशांच्या खाली हिवाळी टायर घालावा असा तिकडचा ढोबळ नियम. जर्मन लोक ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर ठेवतात. आपल्याकडं मिळणारा जवळपास प्रत्येक साधा कार टायर हा त्यांच्या हिशेबानं उन्हाळीच. पण तिथल्या निकालातला पहिला नंबर इथं लागू होत नाही. एक तर तोच टायर, तेच माप इथं मिळेल असं नाही. दुसरं म्हणजे त्यांची चाचणी त्यांच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी, आपल्याकडं खड्डा, गतिरोधक, वेड्या बाभळीचा काटा आणि उसाच्या ट्रॉलीनं रस्त्यावर आणलेली काळी माती. प्राध्यापकांनी शेवटी भारतात बनलेलाच टायर घेतला. मुलाला फोटो पाठवला, मुलाचं काय उत्तर आलं ते काही सांगितलं नाही.

तरी तिकडच्या चाचण्यांमधून आम्ही एक गोष्ट उचलली. पकड, आराम आणि किंमत हे तीन रकाने वेगळे ठेवायचे आणि कुणाला कुठला महत्त्वाचा ते आधी विचारायचं. तिन्ही एकदम भरपूर देणारा टायर नसतो. रबर मऊ केलं की पकड आणि आराम वाढतो, झीजही वाढते. कडक केलं की टिकतो, पण ओल्या रस्त्यावर घसरतो आणि आवाज करतो. सिलिका नावाची बारीक पूड घातलेल्या रबरामुळं ही ओढाताण थोडी सैल झाली, संपली नाही.

पकडीचं म्हणाल तर सोलापूरच्या कोरड्या तापलेल्या डांबरावर चांगल्या कंपनीचा कुठलाही नवा टायर धरून राहतो. फरक कळतो तो जूनच्या पहिल्या पावसात, आठ महिन्यांची धूळ आणि तेल एकदम ओलं होतं तेव्हा, आणि ऊस हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर. कायद्यानं टायर खाचांची खोली 1.6 मिलिमीटर उरेपर्यंत चालतो. आमचा सल्ला पावसाळ्याच्या तोंडावर 3 च्या खाली असेल तर बदला. खाचा उथळ झाल्या की त्या पाणी बाहेर टाकू शकत नाहीत आणि चाक पाण्यावर तरंगायला लागतं. दोनच नवे टायर घेणाऱ्याशी दर वेळी वाद होतो. तो म्हणतो, इंजिन पुढं, ओढ पुढच्या चाकांना, नवे पुढं टाका. आम्ही मागं टाकतो. पुढची चाकं घसरली तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी सावरता येते, मागची घसरली तर गाडी फिरते आणि रोजच्या चालकाच्या हातात काही उरत नाही. काही गिऱ्हाइकं यावर रागावून गेली आहेत. जाऊ दे.

आरामाबाबत गिऱ्हाइकाला ब्रँड सुचतो, माप सुचत नाही. स्विफ्टचंच घ्या. खालच्या मॉडेलला 165/80 आर 14, वरच्याला 185/65 आर 15 (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा रबराची उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिम किती इंची ते). पहिल्यात रिमपासून जमिनीपर्यंत रबराची उंची 132 मिलिमीटर, दुसऱ्यात 120. विजापूर रोडच्या गतिरोधकांवर ते 12 मिलिमीटर कमरेला कळतात. आणि मोठ्या रिमचा हट्ट धरणारी पोरं येतात तेव्हा आम्ही हाच हिशेब कागदावर मांडतो. तरी ती मोठंच रिम घेतात. आवाज कमी करायचा तर मधोमध अखंड पट्टा असलेली नक्षी बघायची. पुण्याला दर आठवड्याला जाणाऱ्या डॉक्टर मंडळींना आम्ही मिशेलिन प्रायमसी किंवा योकोहामा ब्लूअर्थच्या जातीचे टायर दाखवतो. टॅक्सीवाल्याला सिएट मायलेज, अपोलो अमेझर, जेके टॅक्सीमॅक्स असे टिकण्यासाठीच बनवलेले. एमआरएफ मागणारा एमआरएफच मागतो, त्याला दुसरं दाखवण्यात वेळ घालवत नाही.

आता किंमत. इथं वहीच बोलते. समजा एक टायर 5,000 रुपयांचा आणि तो 3 मिलिमीटरपर्यंत येईपर्यंत 40,000 किलोमीटर पळाला, तर हजार किलोमीटरला 125 रुपये पडले. दुसरा 6,500 चा 55,000 पळाला तर 118. महाग दिसणारा स्वस्त निघाला. पण वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या शिक्षकांना हा हिशेब लागू नाही, त्यांचा टायर झिजायच्या आधी वयानं कडक होतो. त्यांना मी जास्त पळणारा टायर विकतच नाही, मऊ आणि चांगल्या पकडीचा देतो. वय बघायचं तर बाजूवरचे चार आकडे बघा. 2324 म्हणजे 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ट्रेडवेअर नावाचा, टायर किती टिकेल याचा एक आकडाही काही टायरवर असतो. तो प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

जून 2020 मध्ये सरकारनं टायरच्या आयातीवर निर्बंध आणले तेव्हा बाहेरून येणारी कित्येक मापं बाजारातून गायब झाली. मोठ्या गाडीवाल्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं. ऑनलाइन भाव दाखवून घासाघीस करणारं गिऱ्हाईकही त्याच सुमारास वाढलं. त्यावर आम्ही सरळ मार्ग काढला : टायर कुठूनही आणा, फिटिंग, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्हचे पैसे वेगळे, आणि वहीत नोंद फुकट. त्यातली बरीच जण पुढचा संच आमच्याकडून घेतात. एका कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यानं टार्गेटसाठी जुन्या तारखेचा माल गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, तो माल परत पाठवला आणि त्या वर्षीची कंपनीकडून मिळणारी परदेश सहल हुकली. बायकोनं ते अजून सोडलेलं नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि दुकानात शुकशुकाट. पंक्चर आणि हवा सोडून काम नाही. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, कर 28 वरून 18 टक्के झाला आणि थांबलेलं सगळं गिऱ्हाईक एकदम आलं. त्यात त्याच दिवसांत सीनेला पूर, महामार्गावर वाहतूक अडकलेली, पुण्याहून येणारा माल वाटेत. तुळजापूरच्या फेऱ्या सुरू आणि टॅक्सीवाले दारात उभे. त्या आठवड्यात दोघंही भाऊ घरी जेवायला गेलो नाही, डबा दुकानातच यायचा.

सध्या वहीत इलेक्ट्रिक गाड्यांची पानं वाढत आहेत. बॅटरीमुळं गाडी जड, आणि पाय ठेवताच मोटर पूर्ण जोर देते, त्यामुळं पुढून ओढणाऱ्या गाड्यांचे पुढचे टायर लवकर उतरतात. इंजिनचा आवाज नसल्यानं टायरचा आवाजही जास्त ऐकू येतो, म्हणून ही मंडळी आरामाचा रकाना आधी बघतात. पण आम्ही त्यांना पहिल्यांदा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, दाखवतो. 88 म्हणजे एका चाकावर 560 किलो. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा कमीचा टायर स्वस्तात मिळाला तरी आमच्याकडं बसवून मिळत नाही, आणि रोटेशन पेट्रोल गाडीपेक्षा लवकर करायला सांगतो. भावानं त्यासाठी वेगळ्या रंगाची वही आणली आहे.