'काल्पनिक'चा शिक्का

कुठलं पुस्तक खरं आणि कुठलं रचलेलं, हे ग्रंथालयात वर्गांक ठरवतो. ड्यूईच्या दशांश पद्धतीत भारताचा इतिहास ९५४ मध्ये, मराठी कादंबरी ८९१.४६३ मध्ये. आमच्याकडे मात्र दाराशीच 'ऐतिहासिक' नावाचं एक कपाट आहे, आणि त्यात संशोधनग्रंथ आणि कादंबऱ्या एकमेकांना खेटून उभ्या. देवघेव वाढते, मंडळ खूश. विज्ञानकथा बालविभागात. त्या पोरांसाठीच असतात, असा मंडळींचा ठाम समज. त्यांपैकी कोणी एखादी वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

नववीतला एक मुलगा जयंत नारळीकरांची पानिपतावरची कथा वाचून काउंटरवर आला. १४ जानेवारी १७६१ ला रणांगणात विश्वासरावांना गोळी लागली. कथेत ती थोडक्यात हुकते, मराठे जिंकतात आणि पुढचा हिंदुस्थानच बदलतो. (त्यातले इतिहासाचे प्राध्यापक वाचनालयातली बखर नकळत खिशात घालून चालू लागतात. विज्ञानकथा असली तरी हा भाग मला अगदी वास्तववादी वाटतो.) मला वाटलं, दुसरी विज्ञानकथा मागेल. तो म्हणाला, "ताई, गोळी खरंच लागली, हे आपल्याला कोणी सांगितलं?"

असा प्रश्न आमच्याकडे मोठी माणसंही विचारत नाहीत. मी हातातली पावतीची वही मिटली. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' काढलं, भाऊसाहेबांची बखर काढली, आणि संदर्भाच्या कपाटातून राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा १८९८ सालचा पहिला खंड, त्या काळच्या पत्रांचा. तो घरी देत नाही, म्हणून मुलाला समोरच बसवलं. पत्रातला 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, हे एकदा दाखवल्यावर पोरगं स्वतःच तारखा लावू लागलं. भाऊसाहेब पेशव्यांच्या बुंदेलखंडातल्या कारभाऱ्याला, गोविंदपंत बुंदेल्यांना, लिहितात ते काय, तर पैसा पाठवा, रसद पाठवा, शत्रूची रसद तोडा. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हा तर सगळा हिशेबच आहे." मग त्याला काशीराजाबद्दल सांगितलं. हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा, म्हणजे लढाई पाहिली ती अब्दालीच्या बाजूने, आणि लिहिलं फारसीत. विश्वासरावांचं शव छावणीत आणल्याचं त्याने नोंदवून ठेवलंय. "म्हणजे साक्षीदार समोरच्या पार्टीचा!" पोरगं हरखलं.

तेवढ्यात आमचे एक आजीव सभासद पुस्तक बदलायला आले. ऐतिहासिक कपाट त्यांना जवळपास पाठ. मुलाच्या हातातली विज्ञानकथा चाळून ते भडकले. "बाई, हे असलं मुलांना देता? पानिपत जिंकलो म्हणे! इतिहासाची थट्टा आहे ही." आणि खरं पानिपत कसं झालं हे सांगायला त्यांनी भाऊसाहेबांचे शेवटचे उद्गार म्हणून दाखवले. आवाज भरून आला होता. उद्गार एका कादंबरीतले.

मुलाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, हे कुठल्या पत्रात आहे?"

"पत्रात कशाला? पुस्तकात छापलंय!"

मुलगा खंडाची अनुक्रमणिका चाळू लागला. अगदी मनापासून, त्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. काका तरातरा सूचना वहीकडे गेले.

कादंबरीकारांना मी बोल लावणार नाही. बरेच जण साधनं धुंडाळून लिहितात आणि प्रस्तावनेत ही कादंबरी आहे हेही सांगतात. पण परत आलेली प्रत बघा: प्रस्तावनेची पानं करकरीत, संवादांची मळून मऊ झालेली. विज्ञानकथा 'हे असं घडलेलं नाही' हे पहिल्याच धक्क्यात सांगून टाकते, म्हणून ते पोरगं 'मग घडलं काय' हे विचारत आलं. काकांना तो धक्का कधी बसलाच नाही. आणि काका एकटे नाहीत. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांतली भाषणं ऐकली की कुठली कादंबरी कुठल्या पानावर उघडली होती ते मला कळतं. परीक्षक टाळ्या वाजवतात.

सूचना वहीतली तक्रार मंडळाच्या बैठकीत गेली. ठराव झाला: इतिहासाशी खेळणाऱ्या विज्ञानकथांवर 'काल्पनिक' असा शिक्का मारावा. शिक्का तयार होऊनही आला, जांभळ्या शाईच्या पॅडसकट. इतर निधीसाठी वर्षभर अर्ज करावे लागतात.

मी चिटणीसांना विचारलं, ऐतिहासिक कपाटातल्या कादंबऱ्यांवरही मारू का? ते हसले आणि म्हणाले, "यादी द्या, बघू."

म्हणून यादी करते आहे. कादंबऱ्यांचं सोपं आहे, ८९१.४६३ दिसला की नाव लिहायचं. अडलं आहे ते बखरीवर. ती ९५४ मध्ये आहे, इतिहासकार तिचा आधार घेतात, आणि तिच्यातही माणसांच्या तोंडी असे संवाद आहेत की जे टिपून घ्यायला तिथे कोणी बसलेलं असणं शक्य नाही. पुढच्या खेपेला तो मुलगा तीच मागणार आहे, तसं सांगून गेलाय. यादीत बखरीचं नाव मी लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं आहे. चिटणीसांना यादी शुक्रवारपर्यंत हवी आहे.