एसीचा गॅस भरायच्या आधी पंखा बघा

आमची जुनी व्हॅन गंगाखेडच्या रस्त्यानं पळत असली की आत बरी गार होते. परभणीत शिरून ट्रकच्या मागं उभी राहिली की एसीतून गरम वाफा सुरू. गॅरेजवाल्यानं बोनेटही न उघडता निकाल दिला, "गॅस संपला, भरून टाकू." गॅस संपला असता तर पळतानाही गार झालं नसतं की! पळताना कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, वारा लागतो, उभ्या गाडीत तो पंख्यानं ओढायचा असतो.

मग शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या मामूंना हाक मारली. एसी चालू, कंप्रेसर लागलेला, पण कंडेन्सरचा पंखा ढिम्म. इंजिनच्या तापमानाचा काटा ठीक होता, कारण आमच्या गाडीत रेडिएटरचा पंखा वेगळा; कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) तापलं की तो त्याच्या स्विचवर फिरतो. (काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो. बोटं लांब ठेवा.)

"पंख्याला डायरेक्ट देऊन बघ," मामू म्हणाले. बॅटरीवरून दोन वायरी लावल्या तर भुर्रकन फिरला. म्हणजे मोटार चांगली. फ्यूज शाबूत. मग रिले, म्हणजे बटण दाबलं की पंख्याला करंट जोडणारी डबी. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो काढून इथं बसवला, तरी काही नाही. रिलेवर बोट ठेवून एसीचं बटण दाबलं, तर टक् सुद्धा वाजेना. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं रिलेच्या अर्थिंगच्या पिनेला लावलं. लॅम्प नुसता मिणमिणला, म्हणजे अर्थिंग कच्चं.

अर्थिंगची काळी वायर हेडलाइटच्या मागं एका बोल्टाला जात होती. बोल्ट खोलला तर वॉशरखाली बुरशीसारखा हिरवट-पांढरा गंज, आणि वायरीच्या टोकाची अर्धी तार गळून गेलेली. नवं टोक दाबून बसवलं, पत्रा पॉलिश पेपरनं घासला. टक्! पंखा सुरू.

कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि जिनिंगकडचा कापसाचा भुरका नमद्यासारखा बसला होता. तो साध्या नळाच्या पाण्यानं काढला. वॉशिंग सेंटरचं प्रेशर मारलं की पातळ पात्या वाकतात.

एक काम राहिलंय. आतला ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) फक्त चार नंबरच्या स्पीडवर चालतो. एक, दोन, तीन रेझिस्टरमधून जातात, चार थेट. म्हणजे रेझिस्टर जळाला. तो मागवलाय. तोवर चारवरच चालू आहे, आणि मागच्या सीटवरून आई ओरडते, "अरे, काय बोलतोस ते ऐकू येईना!"