बहिरमची जत्रा आणि रोडग्याची पंगत

परतवाड्याहून बैतुलच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात डाव्या-उजव्या हाताला संत्र्याचे बगीचे मागे पडत जातात आणि समोर सातपुडा दिसायला लागतो. त्याच्या पायथ्याशी बहिरम. 20 डिसेंबरला इथे जत्रा भरते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. शेंदूर लावलेल्या बहिरमबुवाचं दर्शन घ्यायचं, नवसाचं जेवण करायचं, मग जत्रा फिरायची, हा इथला क्रम. त्यासाठी गावोगावची मंडळी पीठ, डाळ, गवऱ्या, भांडी सगळं घेऊन येतात. राहुट्या लागतात आणि दुपारी बारापर्यंत माळभर धूर असतो. एकीकडे मातीच्या हंडीतलं मटण, एकीकडे रोडगे, म्हणजे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले पापुद्र्यांचे कणकेचे गोळे. मी लिहितोय ते रोडग्यांबद्दल, कारण तो पदार्थ घरच्या गॅसवर तसा होतच नाही. त्यासाठी उघडी जागा, गवऱ्या आणि वीस-पंचवीस माणसं लागतात.

जायचं तर सकाळी नवाच्या आत पोचा. अकरानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे रोडगे भाजताना पाहायला मिळत नाहीत. रविवारी गर्दी फार होते. मधला वार धरला तर निवांत बघता येतं. हुरडा, बोरं, ताजी वांगी, हिरव्या तुरीच्या शेंगा हे सगळं याच दिवसांत निघतं, म्हणून रोडग्याच्या पंगती वऱ्हाडात थंडीतच जास्त होतात.

पंचवीस माणसांचा हिशेब सांगतो. माणशी सरासरी दीड रोडगा धरायचा, म्हणजे चाळीस. त्याला पाच किलो कणीक पुरते. ही कणीक पोळीची नव्हे. चक्कीवाल्याला ‘रोडग्याचं’ म्हणून सांगायचं, तो जाडसर, रवाळ दळून देतो. बारीक पिठाचा रोडगा आतून चिकट राहतो आणि कितीही भाजला तरी दाताला लागतो. किलोमागे साधारण शंभर मिली फल्लीतेलाचं (शेंगदाणा तेलाचं) मोहन, दोन चमचे ओवा, चवीपुरतं मीठ. मोहन चोळून झाल्यावर पीठ मुठीत दाबायचं. मुटका टिकला की बरोबर. टिकला नाही तर तेल कमी, आणि पिठातून तेल बोटाला लागायला लागलं तर जास्त. मोहन जास्त झालेला रोडगा निखाऱ्यावर फुटतो. मग पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट भिजवून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं. सैल कणीक हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा: गोळा बसतो, चपटा होतो आणि राख त्याला अशी चिकटते की झटकली तरी निघत नाही. खाताना दातात कचकच येते.

पापुद्रे हा रोडग्याचा जीव आहे. चार पाऱ्या लाटायच्या, एकापेक्षा एक मोठी. सगळ्यात लहान पारीला तेलाचं बोट फिरवून, वर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरून तिची गोळी वळायची. ती गोळी दुसऱ्या पारीत ठेवायची, तेल-पीठ लावून मोदकासारखं तोंड मिटायचं, मग तिसऱ्या पारीत, मग चौथ्या. शेवटचं तोंड नीट दाबायचं. तेलाबरोबर कोरडं पीठ हवंच. नुसतं तेल लावलं तर कणीक ते पिऊन घेते, थर एकमेकांना धरतात आणि फोडल्यावर आतून एकच दगड निघतो. जत्रेत हे काम बहुतेक बायकांकडे असतं. चौघी मांडी घालून समोरासमोर बसल्या की एक लाटते, एक तेल फिरवते, दोघी वळतात आणि तासाभरात टोपलं भरतं.

आता आग. इथे घाई करणाऱ्याचा रोडगा हमखास बिघडतो. चाळीस रोडग्यांना शंभर-सव्वाशे गवऱ्या लागतात, त्याही कडक वाळलेल्या. ओलसर गवरीचा धूर कणकेत मुरतो आणि तो कडवटपणा तुपानंही जात नाही. गवऱ्या हातभर रुंदीच्या ओळीत उभ्या रचायच्या, खाली पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडाच्या) काड्या घालून पेटवायच्या आणि मग वाट बघायची. ज्वाळा असेपर्यंत हात लावायचा नाही. अर्धा-पाऊण तासानं धूर थांबतो, वरून पांढरी राख धरते आणि आत लाल दिसतं. तेव्हा काठीनं निखारे फोडून सपाट करायचे आणि रोडगे त्यावर ठेवायचे, मिटलेलं तोंड खाली.

पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती उलटापालट. कातडं सगळीकडून सुकलं, त्यावर तपकिरी ठिपके आले की रोडगे जवळ ओढायचे आणि बाजूचा गरम फुफाटा त्यांच्यावर लोटून गाडून टाकायचे. आतला गाभा या दुसऱ्या टप्प्यात शिजतो, आणि त्याला पाऊण तास द्यावाच लागतो. कातडं आधी सुकवून घेतलेलं असतं म्हणून राख चिकटत नाही. वारा सुटला तर वाऱ्याकडच्या बाजूचे निखारे पुन्हा धगधगतात आणि तिकडचे रोडगे काळे पडतात. म्हणून जाणता माणूस त्या बाजूला पत्रा उभा करतो. झालं की नाही ते दोन खुणांवरून कळतं. रोडगा स्वतःहून तडकतो, आणि बोटाच्या पेरानं वाजवला तर पोकळ आवाज येतो. भद्द आवाज आला की परत फुफाट्यात.

बाहेर काढलेले रोडगे एका जाड फडक्यात घालतात. दोघांनी चार टोकं धरून ते फडकं इकडून तिकडे झुलवायचं. रोडगे एकमेकांवर घासतात, राख झडते, आणि कातड्याला चकाकी येते. पाण्याचा हात अजिबात लावायचा नाही.

भट्टीशी बसलं की मला पिझ्झाची आठवण येते, कारण तोही गव्हाच्या कणकेचा आणि आगीचा खेळ आहे, फक्त उलट्या टोकाचा. नेपल्सच्या रीतीत लाकडाची भट्टी 430 ते 480 अंशांपर्यंत तापवतात आणि पातळ पोळा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर काढतात. तिथे कणीक ओली आणि आंबवलेली, पोळा पातळ, आग कडक; इथे कणीक घट्ट आणि तेल चोळलेली, गोळा जाड, आग मंद; म्हणून तिथे सेकंद आणि इथे तास. आपल्या तालुक्याच्या गावांतही आता पिझ्झा-पास्त्याच्या पाट्या लागल्या आहेत. त्यांच्याकडे बहुधा विजेची छोटी भट्टी असते, ती अडीचशेच्या आसपास तापते, पिझ्झा आठ-दहा मिनिटं आत राहतो आणि बूड सुकून खाकऱ्यासारखं होतं. खायचाच तर पातळ बुडाचा, कमी भाज्यांचा मागवा. ढोबळी मिरची, कांदा, मका यांचा ढीग घातला की त्यांचं पाणी सुटतं आणि मधला भाग कच्चा राहतो. पांढऱ्या सॉसचा पास्ता मागवताना ताजा करून द्या म्हणून सांगावं. तो मैदा-दुधाचा असतो, ठेवला की गोळा होतो. परतीच्या वाटेवर मुलांसाठी म्हणून ठीक. बहिरमला जाताना मात्र पोट रिकामं ठेवा.

रोडग्याबरोबर वरण आणि वांगं, दुसरं काही नको. पंचवीस जणांना दोन किलो तुरीची डाळ. ती घट्टच ठेवायची, कारण रोडगा खूप रस पितो. जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हिंगाची फोडणी आणि वरून भरपूर सांबार. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. वांगी पाच किलो, छोटी, काटेरी, देठ हिरवे असलेली. एक चिरून बघायचं. बी काळपट दिसलं की ती रास सोडून द्यायची. जून वांगं पंचवीस जणांची भाजी कडू करतं. चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाकावीत, आणि मग भाजीत मीठ घालताना ते आठवावं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, धने यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, वांगी घालून पाच मिनिटं हलवायची, आणि पाणी घालायचं ते उकळतं. थंड पाणी घातलं की तर्री बसते. त्यानंतर सराटा (उलथणं) दूर ठेवायचा. सारखं ढवळून मोठ्या गंजातली (पातेल्यातली) भाजी लगदा झालेली पुष्कळ ठिकाणी दिसते.

पंगतीत बसल्यावर पहिला रोडगा दोन्ही हातांनी फोडायचा. चाकू लावला तर पापुद्रे दबतात. वाफ जाऊ द्यायची, मग तूप मधल्या फटीत ओतून घ्यायचं, वरून नव्हे. माणशी चाळीस-पन्नास ग्रॅम तूप लागतं आणि यजमान त्यात हात आखडत नाहीत. चुरा करून मध्ये आळं करायचं आणि त्यात वरण घ्यायचं. पळसाच्या पत्रावळीला हेच सोयीचं, नाहीतर वरण काड्यांच्या टाक्यांतून खाली मातीत जातं. 2018 ला थर्माकोल बंद झाल्यापासून कागदी पत्रावळी वाढल्या. त्या गरम वरणाखाली मऊ पडतात, तेव्हा दोन एकावर एक मागून घ्याव्यात. दुसरा रोडगा गूळ-तुपात चुरून घ्या. नको असेल तर वाढपी समोर यायच्या आत पत्रावळीवर हात आडवा धरावा, नाहीतर “घ्या न जी, एकानं काय होते” म्हणत रोडगा पडतोच. पानात टाकून उठणं इथे फार वाईट दिसतं. रांग संपेपर्यंत उठायचं नाही हेही लक्षात ठेवा.

अशा पंगतींची हौस असेल तर वऱ्हाडात आणखी दोन ठिकाणी जावं. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनी, माघ वद्य सप्तमीला, ज्वारीची भाकरी, पिठलं आणि अंबाडीची भाजी प्रसादाला करतात; अंबाडीचा तो आंबटपणा बाजारच्या थाळीत सापडत नाही. आणि मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात मैदानभर बसलेल्या माणसांना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात. वाढण्याची ती शिस्त एकदा तरी पाहावी.

मोठ्या भंडाऱ्यात एक काळजी घ्यावी. पहिल्या-दुसऱ्या पंगतीला बसा. तास दोन तास झाकून कोमट पडलेलं वरण आणि दुधाचे गोड पदार्थ मी दुपारनंतर घेत नाही. कोमटपणात अन्न लवकर नासतं आणि वासावरून ते कळतही नाही. रोडग्याला मात्र ही भीती नाही. सुकलेला असतो, फडक्यात बांधून आणला तर दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला लागतो. हातानं कुस्करायचा, कांदा, हिरवी मिरची, मोहरी, हळदीच्या फोडणीत परतायचा, पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेवायचं, आणि वर लिंबू पिळायचं.